तेरा जर्सींचा खेळाडू : फिरस्त्या बास्केटबॉलपटूची कारकीर्द कशी वाचावी?

गोदातीर (धागाकर्ता)

गंगापूर रोडजवळच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी संध्याकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. त्यांतला एक मुलगा यंदा एकोणीस वर्षांचा झाला, उंची सहा फूट पाच इंच आणि राज्य स्पर्धेत खेळून आलेला. गेल्या आठवड्यात सराव संपल्यावर तो घोट्याची पट्टी सोडत बसला होता. शेवटचा थर कातडीला चिकटलेला असतो आणि जोराने ओढला तर केसही उपटले जातात, म्हणून तो कडेकडेने बोट घालून पट्टी सोडवत होता. मान खाली घालूनच त्याने विचारले, "सर, जो खेळाडू तेरा संघ फिरला, त्याला चांगला म्हणायचे की वाईट?" घरी वडिलांनी त्याला सांगितले होते की, तेरा ठिकाणी ज्याचे जमले नाही, त्याच्यातच काहीतरी खोट असली पाहिजे. वडील सातपूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे एकाच खात्यात काम करत आहेत, त्यामुळे त्यांना असे का वाटते हे मला समजते. मात्र मुलाला त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी हा धागा काढला आहे.

प्रश्न इश स्मिथ या अमेरिकन खेळाडूवरून निघाला होता. त्याची उंची जेमतेम सहा फूट, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या मानाने तो बुटकाच. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, ६० नावे पुकारली गेली आणि त्यांत त्याचे नाव नव्हते. तरीही ह्यूस्टनने त्याला घेतले आणि पहिल्याच हंगामात, फेब्रुवारी २०११ मध्ये, मेम्फिसला देऊन टाकले. पुढे गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्स असे मुक्काम होत गेले. मला त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत बोलके पान वाटते ते डिसेंबर २०१५ चे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले नव्हते. हंगाम सुरू झाला, संघाचे हाल होऊ लागले, चेंडू वर नेऊन खेळ जुळवून देणारा गार्डच नाही हे ध्यानात आले आणि त्याच फिलाडेल्फियाने ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले दोन हक्क न्यू ऑर्लिन्सला देऊन त्याला परत आणले. त्यानंतर २०१६ मध्ये डेट्रॉईटने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. मग वॉशिंग्टन, शार्लट, आणि २०२२ मध्ये डेन्व्हर हा तेरावा संघ. एनबीएच्या इतिहासात इतक्या संघांकडून त्याच्याआधी कोणीही खेळले नव्हते. बारा संघांचा आधीचा विक्रम चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ या चौघांच्या नावावर होता. जून २०२३ मध्ये डेन्व्हरने अजिंक्यपद मिळवले. निर्णायक सामन्यांत इश स्मिथ फारसा कोर्टवर उतरला नाही, परंतु तो त्या संघात होता.

या यादीतले जो स्मिथचे नाव मुद्दाम पाहावे. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकाने निवडला गेला होता. ज्याचे नाव सर्वांत आधी पुकारले गेले तो आणि ज्याचे नाव पुकारलेच गेले नाही तो, असे दोघेही शेवटी एकाच यादीत आले. संघ बदलण्याची कारणे केवळ खेळाडूच्या गुणवत्तेत शोधली तर हे कोडे सुटत नाही.

इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. ऐकणाऱ्याला त्यात प्रवास दिसतो, पण तो शब्द 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. उमेदवारी पूर्ण केलेला, हातात कसब असलेला, मात्र स्वतःचे दुकान न थाटता दुसऱ्याकडे रोजावर काम करणारा कारागीर, असा त्याचा मूळ अर्थ. वडिलांना ऐकू आला तो 'भटक्या', आणि शब्दात दडलेला आहे तो 'कारागीर'. माझ्या मते अशा कारकिर्दीकडे कारागिराची कारकीर्द म्हणूनच पाहायला हवे.

रोजावर म्हणजे किती रोजावर, हेही सांगतो. एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाला १५ खेळाडूंशी पूर्ण करार करता येतो, म्हणजे साऱ्या जगासाठी ४५० जागा. शिवाय प्रत्येक संघाला तीन 'टू-वे' करार देता येतात. अशा करारातला खेळाडू मुख्य संघ आणि जी लीग या खालच्या लीगमधला संलग्न संघ यांच्यात ये-जा करतो आणि मुख्य संघासोबत जास्तीत जास्त ५० सामन्यांत राहू शकतो. अनेकांचे करार हंगामाच्या सुरुवातीला पक्के नसतातच. १० जानेवारीला ते पूर्ण हमीचे होतात, आणि करारमुक्त केलेल्या खेळाडूला ४८ तास इतर संघांसाठी खुले ठेवावे लागत असल्यामुळे त्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन वाजला की खेळाडूच्या पोटात गोळा येतो. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाला एका हंगामात एकाच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर उरलेल्या हंगामासाठी ठेवा, नाहीतर सोडा.

फिरस्त्या खेळाडूंच्या पुष्कळशा बदल्यांचा त्यांच्या खेळाशी संबंधच नसतो. दोन संघांमध्ये मोठ्या खेळाडूंची देवघेव होते तेव्हा दोन्हीकडचे पगाराचे आकडे ठरावीक प्रमाणात जुळावे लागतात, आणि ते जुळवण्यासाठी लहान करारांचे खेळाडू सौद्यात घातले जातात. काही वेळा नियम अशा खेळाडूच्या बाजूनेही असतो. अनुभवाच्या वर्षांनुसार किमान पगार वाढत जातो, आणि त्यामुळे संघांनी जुन्या खेळाडूंना टाळू नये म्हणून एका वर्षाच्या किमान करारातला वरचा फरक लीग स्वतः भरून देते. तीन हंगामांची सेवा झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. म्हणून तिसरा हंगाम कसाबसा पदरात पाडून घेणाऱ्या खेळाडूचा आनंद बाहेरच्यांना कळत नाही, पण त्याच्या घरच्यांना तो नक्की कळत असेल.

आता कसबाविषयी. मंगळवारी संघ बदलला आणि बुधवारी सामना असला, तर मधल्या काही तासांत नव्या प्रशिक्षकाच्या चाली, त्यांची नावे, इशारे हे सारे शिकावे लागते. जुन्या संघात ज्या शब्दाचा अर्थ 'स्क्रीन आली, म्हणजे समोरच्याने अंगाने वाट अडवली, की अडवायच्या खेळाडूंची अदलाबदल करा' असा होता, त्याच शब्दाचा अर्थ नव्या संघात 'मागे सरून रिंग राखा' असा असू शकतो. तारांकित खेळाडूसाठी संघ आपल्या चाली बदलतो. फिरस्त्याला संघासाठी स्वतःला बदलावे लागते आणि पंधराव्या माणसाची खुर्ची मिळाली तरी सरावात पहिल्या माणसाइतकाच घाम गाळावा लागतो.

मंडळींची मते वाचायची आहेत, विशेषतः ज्यांच्या घरात खेळणारे मूल आहे त्यांची.

सातपूरकर

सर, लेख आवडला, परंतु एक गोष्ट मला मनापासून खटकली. मी स्वतः नऊ वर्षे कंत्राटी कामगार होतो. दर अकरा महिन्यांनी खंड, पुन्हा नवा कागद, पुन्हा नवे गेटपास. त्या काळात माझ्या हातातही कसब होते, पण त्याचा अभिमान वाटण्याइतकी उसंत मला कधी मिळाली नाही, कारण दहाव्या महिन्यापासूनच झोप उडायची. इश स्मिथ तेरा संघांत टिकला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. जे पहिल्याच दहा दिवसांनंतर घरी गेले आणि ज्यांना दुसरा फोन आलाच नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार? त्या मुलाच्या वडिलांची भीती त्या न सांगितलेल्या गोष्टींतून आली आहे. त्यांना चूक ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे.

गोदातीर

दादा, तुमचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. ज्यांना फोन उशिरा आला, अशा एकाची गोष्ट इथे सांगतो, म्हणजे वाट पाहण्याची किंमत किती असते ते दिसेल.

आंद्रे इन्ग्रम याने दहा हंगाम एनबीएच्या खालच्या लीगमध्ये काढले. आज तिला जी लीग म्हणतात. २००१ मध्ये ती आठ संघांनिशी सुरू झाली, नंतर डी लीग झाली आणि २०१७ पासून हे नाव मिळाले. तिथला पगार एका माणसाचे घर चालण्यापुरताही नव्हता. इन्ग्रम भौतिकशास्त्राचा पदवीधर, त्यामुळे तो गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. ३८४ सामने तो त्या लीगमध्ये खेळला. १० एप्रिल २०१८ रोजी, हंगाम संपायला दोन सामने उरले असताना, लेकर्स या एनबीए संघाने त्याला वर बोलावले. वय ३२, केसांत पांढरे दिसू लागलेले. त्या रात्री ह्यूस्टनविरुद्ध त्याने १९ गुण केले आणि थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकायचे तीन गुणांचे शॉट, पाचपैकी चार आत घातले. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.

ती चित्रफीत मी मुलांना दाखवतो तेव्हा चेंडू सोडताना त्याच्या मनगटाकडे पाहायला सांगतो. दहा वर्षे जवळजवळ रिकाम्या सभागृहांत टाकलेला आणि त्या रात्री भरलेल्या सभागृहात टाकलेला शॉट हुबेहूब एकसारखाच आहे. मात्र दादा, तुमच्यासाठी हेही लिहितो की ती दहा वर्षे त्याच्या घराने सोसली होती आणि त्यानंतरही एनबीएत त्याला मोजकेच सामने मिळाले.

ओझरवाला

मी अभियंता आहे आणि कंपनीच्या प्रशिक्षणासाठी २०१२ च्या वसंतात जर्मनीतल्या बाम्बेर्ग गावी काही महिने राहिलो होतो. गाव म्हणजे साधारण सत्तर हजार वस्तीचे, आपल्या मनमाडपेक्षा थोडेसेच लहान, पण बास्केटबॉलचे वेड असे की सहा हजारांहून अधिक आसनांचे सभागृह सामन्याच्या दिवशी भरून जायचे. तिथल्या सहकाऱ्यांनी मला एका सामन्याला नेले. खेळाची मला फार समज नव्हती, तरी एका माणसावरून नजर हटत नव्हती. तो सर्वांत उंच नव्हता, पण चेंडू रिंगवर आपटायच्या आधीच तो आपल्या माणसाला पाठ लावून, गुडघे वाकवून, जागा अडवून उभा असायचा. उंच माणसे उडी मारत राहायची आणि चेंडू याच्या हातात यायचा. एकदा तो जमिनीवर घसरत जाहिरातीच्या फळीवर आदळला, उठला, कोपराला फडके दाबून पुन्हा उभा राहिला. सहकाऱ्याने नाव सांगितले : पी. जे. टकर.

नंतर त्याच्याविषयी वाचत गेलो. २००६ च्या ड्राफ्टमध्ये टोरांटोने त्याला ३५ वा निवडला होता आणि पहिल्याच हंगामात करारमुक्त केले. पुढची पाच वर्षे इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली आणि जर्मनी. इस्राएलमध्ये तो हापोएल होलोनकडून खेळला आणि २००८ मध्ये त्या लहानशा क्लबने मक्काबी तेल अवीवची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडून अजिंक्यपद मिळवले. २०१२ मध्ये बाम्बेर्गने जर्मन लीग जिंकली तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू टकरच ठरला. त्याच उन्हाळ्यात फिनिक्सने त्याला परत एनबीएत आणले आणि २०२१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो मिलवॉकीच्या अजिंक्य संघात होता.

मला यात शिकण्यासारखे वाटते ते असे. कॉलेजात असताना टकर रिंगजवळ गुण मिळवणारा, चेंडू मागणारा खेळाडू होता. परतल्यावर एनबीएत त्याने पत्करलेले काम वेगळे होते : समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक माणसाला अडवायचे आणि हल्ल्याच्या वेळी कोपऱ्यात थांबून, चेंडू आला तरच तीन गुणांसाठी टाकायचा. सहा फूट पाच इंचांचा हा माणूस ह्यूस्टनसाठी सेंटरच्या, म्हणजे रिंगखाली सर्वांत उंच माणूस खेळतो त्या, जागीही खेळला. सर, तुमच्या विद्यार्थ्याची उंची वाचून हे सारे आठवले.

शरणपूर

ओझरवाला यांनी युरोपचा विषय काढलाच आहे, तर त्याच्या कागदी बाजूबद्दल लिहितो. मी वकिली करतो आणि करारांचे मसुदे हे माझे रोजचे काम आहे.

युरोप आणि आशियातल्या क्लबांचे करार बहुधा एका हंगामाचे असतात आणि त्यांत पगाराबरोबर सदनिका, गाडी व येण्याजाण्याची विमान तिकिटेही लिहिलेली असतात. पुष्कळदा रक्कम कर वजा जाता हातात पडणारी अशी ठरते. वाचायला हे छान वाटते. खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते. क्लब चार सामने हरतो, प्रायोजक हात आखडता घेतो आणि पगार 'पुढच्या आठवड्यात' होऊ लागतो. परक्या देशातल्या न्यायालयात, परक्या भाषेत दावा लावणे खेळाडूला परवडत नाही. पूर्वी तो निमूटपणे बॅग भरून निघून जायचा.

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने यासाठी एक लवाद स्थापन केला, आज त्याला बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण म्हणतात. त्याचे कायदेशीर स्थान जिनिव्हात आहे, साधारणपणे एकच व्यक्ती लवाद म्हणून प्रकरण ऐकते, आणि करारात वेगळे ठरले नसेल तर निकाल कोणत्याही एका देशाच्या कायद्यावर न देता न्याय्य काय ते पाहून दिला जातो. क्लबने निकाल पाळला नाही तर फिबा त्याला नव्या परदेशी खेळाडूंची नोंदणी बंद करू शकते, आणि क्लबला खरा धाक याचाच असतो. मात्र हा दरवाजा आपोआप उघडत नाही. वाद या न्यायाधिकरणाकडे जाईल असे कलम करारात लिहिलेले असावे लागते. परदेशी करार समोर आलेल्या प्रत्येक मुलाने पगाराचा आकडा वाचण्याआधी ते कलम शोधावे. ते नसेल तर सही करू नये, आणि एजंट "नंतर घालू" म्हणत असेल तर एजंटही बदलावा.

आणखी एक गोष्ट. देश बदलताना आधीच्या देशाच्या महासंघाकडून मोकळीक-पत्र लागते. ते अडकले तर खेळाडू नव्या गावात पोहोचूनही कोर्टवर उतरू शकत नाही. कागदांची फाईल आणि तिच्या दोन प्रती हा या व्यवसायातला बुटांइतकाच आवश्यक भाग समजा.

इंदिरानगरची आई

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि शालेय राज्य स्पर्धा खेळली आहे, म्हणून धागा पहिल्या ओळीपासून वाचत आले. चर्चा सगळी मुलग्यांची चालली आहे. मुलींनी काय करायचे?

मी जे वाचले आहे त्यातून मला गीतू अ‍ॅना जोस यांची वाट सर्वांत जवळची वाटते. त्या केरळच्या, दक्षिण रेल्वेत नोकरीला. २००६ पासून काही हंगाम त्या ऑस्ट्रेलियात रिंगवूड या क्लबकडून खेळल्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधील संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले. करार झाला नाही, त्या परत आल्या आणि भारताकडून व रेल्वेकडून खेळत राहिल्या. २०१४ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नोकरी मागे उभी असल्यामुळे त्यांना बाहेर जाऊन पाहता आले, असे मला वाटते. आपल्या पुण्याची शिरीन लिमये हीसुद्धा रेल्वेकडून आणि भारताकडून खेळलेली खेळाडू आहे.

दुसरी गोष्ट दुखापतीची. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मुलीचा गुडघा मुरगळला. आयोजकांकडे बर्फाची पिशवीसुद्धा नव्हती. एका पालकाने समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला आणि मी तो ओढणीत गुंडाळून तिच्या गुडघ्यावर धरून बसले. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते आणि ती एकच विचारत होती, "आई, उद्याचा सामना?" करार, लवाद, मोकळीक-पत्र हे सगळे मला समजले, पण ज्या खेळाडूचा करार दहा दिवसांचा आहे त्याचा गुडघा नवव्या दिवशी गेला तर त्याच्याजवळ कोण बसते? सर, हे मी खरोखरच विचारते आहे.

शरणपूर

ताई, एनबीएपुरते उत्तर देता येते. तिथे खेळाडूंची संघटना भक्कम आहे आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार व त्या कराराच्या मुदतीचा पगार सुरक्षित असतो. बाकी ठिकाणी सारे करारातल्या शब्दांवर अवलंबून असते. म्हणून वैद्यकीय विमा, शस्त्रक्रिया कोठे व कोणाच्या खर्चाने होईल, आणि दुखापतीत पगार किती आठवडे चालू राहील, या तीन गोष्टी लेखी हव्यातच. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि बहुतेक तरुण खेळाडू तो सही झाल्यावर विचारतात.

पंचवटीकर

भारतीय खेळाडूंचा हिशेबही मांडू या, कारण सरांचा विद्यार्थी डेन्व्हरहून नव्हे, नाशिकहून निघणार आहे.

पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू. तो डॅलसच्या संलग्न संघाकडून टेक्सासमध्ये खेळला, एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही, मग भारतातली लीग, कॅनडातली लीग असे करत तो शेवटी अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत गेला. अमृतपाल सिंग शेतकऱ्याच्या घरातला, बराच उशिरा चेंडू हातात घेतलेला, तो २०१७-१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जमध्ये होता. अमज्योत सिंग त्याच हंगामात ओक्लाहोमा सिटीच्या जी लीग संघात. २०१७ मध्ये दिल्लीजवळ सुरू झालेल्या एनबीए अकादमीत घडलेला प्रिन्सपाल सिंग जी लीगच्या इग्नाइट संघात गेला आणि नंतर न्यूझीलंडच्या वेलिंग्टन सेंट्सकडून खेळला.

चौघेही उंच, चौघेही पंजाब-चंडीगड भागातले, आणि चौघांच्याही वाट्याला कुठेच दीर्घ मुक्काम आला नाही. बहुतेक परदेशी लीगमध्ये बाहेरच्या खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. फिलिपाइन्समधल्या काही स्पर्धांत तर परदेशी खेळाडूच्या उंचीवर कमाल मर्यादा असते. त्या मोजक्या जागेवर क्लब अशाच माणसाला आणतो, जो पहिल्या सामन्यापासून वीस गुण काढून देईल. दोन-तीन पराभव झाले की पहिली कुऱ्हाड बाहेरच्या खेळाडूवर पडते. भारतीय खेळाडू अजून त्या स्पर्धेत अमेरिकन खेळाडूंच्या पुढे बसत नाही. आपल्याकडे यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये सुरू होऊन काही हंगामांत थांबली, आणि भारतीय बास्केटबॉल महासंघाने २०२२ मध्ये नवी राष्ट्रीय लीग काढली. फिरायला संघच कमी असतील तर फिरस्ता तरी कसा घडणार? माझ्या मते आपल्याकडची खरी उणीव हीच आहे.

सातपूरकर

पंचवटीकर, हे वाचून वडिलांची बाजू मला आणखी पटली. सर, तुमचा विद्यार्थी काय करणार आहे?

गोदातीर

काल त्याला आणि त्याच्या वडिलांना घरी बोलावले होते. धाग्यातले सगळे प्रतिसाद वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. इंदिरानगरच्या ताईंचा प्रतिसाद वाचताना मला मध्ये थांबावे लागले आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नंतर त्यांनी मला विचारले, "म्हणजे त्या डेन्व्हरवाल्याला बाकीच्यांनी काढले ते खरे, पण प्रत्येक वेळी पुढच्याने घेतले तेही खरे, असेच ना?" मी म्हणालो, हो. त्यांच्या कारखान्यातही एक फिटर आहे. कोणतेही यंत्र अडले की दुसऱ्या खात्यांतून त्यालाच बोलावणे येते आणि तो कोणत्याच एका खात्याचा नाही. त्या फिटरचे नाव वडिलांनीच काढले आणि मुलाकडे पाहिले. मला जे सिद्ध करायचे होते ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

ठरले ते असे. पदवीचे दुसरे वर्ष सोडायचे नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी लागणाऱ्या क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी आत्ताच करून ठेवायची, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या चाचण्या द्यायच्या. पासपोर्ट काढायचा. आणि या सगळ्याच्या बरोबरीने पुढची तीन वर्षे देशातल्या प्रत्येक लीगच्या निवड चाचणीला जायचे, प्रवासखर्च वडील आणि मी मिळून करू. गीतू जोस यांच्या वाटेचा हा नाशिकमधला अवतार म्हणता येईल.

खेळाचीही एक अडचण आहे, ती मीच निर्माण केली आहे. सहा फूट पाच इंच उंचीचा मुलगा नाशिकच्या स्पर्धांत सर्वांत उंच असतो, म्हणून मी त्याला चार वर्षे सेंटर म्हणून रिंगखाली उभा केला. आम्ही सामने जिंकलो. पण बाहेरच्या पातळीवर ती उंची सेंटरची नसून बाजूने खेळणाऱ्या फॉरवर्डची आहे, आणि त्याला बाहेरून टाकता येत नाही. जिल्ह्यातल्या चषकांसाठी मी त्याचे नुकसान केले, हे त्याच्या वडिलांसमोर मी कबूल केले. ओझरवाला, तुमचा टकर रात्रभर डोक्यात होता.

आज सकाळी साडेसहाला आम्ही दोघे कोर्टवर होतो. रात्री पाऊस पडून गेला होता, खराट्याने पाणी बाहेर काढले. तीन गुणांची जुनी रेषा पुसट झाली होती. रिंगच्या मध्यापासून टेप धरून ६.७५ मीटरवर खडूने कमान आखली. कोपऱ्यात ती रेषा कडेच्या रेषेपासून फक्त ९० सेंटीमीटर आत येते आणि त्याचे बूट जवळजवळ एक तृतीयांश मीटर लांब, त्यामुळे पाय कुठे ठेवायचे हेच शिकण्यात पहिली पंधरा मिनिटे गेली. पन्नास चेंडूंपैकी अकरा आत गेले. आकडा मी वहीत तारखेसह लिहिला आहे. वडील गेटजवळ स्कूटर लावून उभे होते, पहिल्या पाळीला जायला त्यांना उशीर होत होता, तरी ते शेवटचा चेंडू पडेपर्यंत थांबले.